खळ्यावर काढलेली नदी

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर लाल किल्ल्यावर झेंडा लागायचा आणि पुस्तक संपायचं. सातवीत असताना आमच्यातल्या एका मुलानं गुरुजींना विचारलं, "झेंडा लागल्यावर पुढं काय झालं, गुरुजी?" गुरुजींनी हातावरचा खडू झटकला. म्हणाले, "पुढचं माझ्या पुस्तकात नाही. शनिवारी शाळा सुटली की मळ्यातल्या साहेबांकडं जा. ते तिथं होते."

साहेब आमच्याच गावचे, फौजेत माणसं देणाऱ्या एका बागायतदार घरातले. महायुद्ध संपता संपता ते विमानदलात भरती झाले आणि पुढची वीसेक वर्षं त्यांनी डाकोटा चालवलं. डाकोटा म्हणजे माल वाहणारं, दोन पंख्यांचं विमान. मुलगा सांगलीला राहायचा. नोकरी संपल्यावर ते एकटेच गावी परत आले, ऊस लावला आणि मळ्यातल्या घरात राहू लागले. इंजिनाच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता. समोरचा बोलायला लागला की ते मान तिरकी करून उजवा कान पुढं करायचे. मोठी माणसं त्यांना साहेब म्हणायची, आम्ही पोरं आबा.

पहिल्या शनिवारी आम्ही वीस-पंचवीस पोरं त्यांच्या खळ्यावर जाऊन बसलो. मुलांना लढाई ऐकायची होती. एकानं विचारलंच, "आबा, तुमी किती दुश्मन मारलं?"

"एक बी न्हाई," आबा म्हणाले. "मी पोती टाकली."

"कसली पोती?"

"तांदळाची. मिठाची. कवा कवा भाजलेल्या चण्याची."

मुलांचे चेहरे उतरले. पुढच्या शनिवारी निम्मीच आली. मी गेले, कारण आमच्या वस्तीतल्या पोरांना गावात कुणी आपल्या खळ्यावर बसवून घ्यायचं नाही, आणि आबांनी कोण कुठला हे विचारलंच नव्हतं. तहान लागली की सगळ्यांनी पाटाचं पाणी ओंजळीनं प्यायचं. माझ्या जन्माच्या आधीच आमच्या माणसांनी धम्म घेतला होता, तरी गाव आम्हाला अजून जुन्याच नावानं हाक मारायचं. वस्ती होती गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या दरडीशी. वडील कुपवाडला एका कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीला तेवढे यायचे. आई उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं लावायची.

आबा शिकवायचे ते जमिनीवर. चुलीतली राख चिमटीत धरून ते खळ्यावर नद्या काढायचे, ढेकळं ठेवून डोंगर करायचे. मग मधोमध उभे राहून म्हणायचे, "हं, आता वरनं बघा." आम्ही उभे राहून खाली बघायचो.

फाळणीनंतरचे निर्वासितांचे काफिले त्यांनी असे दाखवले. पंजाबची नदी, तिच्यावरचा पूल, आणि पुलाकडं येणारी बैलगाड्यांची रांग. रांगेसाठी त्यांनी मूठभर गहू ओतले होते. ते म्हणाले, "सकाळी ह्या टोकापास्नं निघालो, की दुसरं टोक दिसायला लय येळ लागायचा. त्यात नदीला पूर आला. रांग थांबली. दुसऱ्या दिवशी गेलो तर रांग तिथंच. तिसऱ्या दिवशी बी तिथंच, पर कडंनं पांढरं पांढरं दिसाय लागलं."

"पांढरं काय, आबा?"

"कापडं. झाकलेली माणसं."

त्यांच्या विमानाच्या दारातून दोन जवान पायानं पोती ढकलायचे. सगळ्या पोत्यांना छत्री नसायची. खाली लोक धावत यायचे, हात वर करून, पोतं झेलायलाच निघाल्यासारखे. आबा विमान पुढं काढायचे, माणसं नसलेल्या रानावर टाकायचा प्रयत्न करायचे, तर माणसं तिकडं धावायची. एकदा मिठाचं पोतं एका बाईवर पडलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. "भुकेनं न्हाई मेली," म्हणाले, "मिठानं मेली. वरनं एवढंच दिसलं, की धावणारी माणसं थांबली आणि गोल झालं."

मग आमच्याकडं बघून त्यांनी विचारलं, "दुष्काळात शाळेत सुकडी खाल्ली का न्हाई?"

सगळ्यांनी खाल्ली होती. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि त्या गोडसर पिठाची चव अजून जिभेवर होती.

"ती कुठनं आली? लांब कुठल्यातरी मुलखात एका माणसानं नकाशावर आपला जिल्हा बघितला. त्याला काय तू दिसलीस का मी दिसलो? ठिपका दिसला. वरनं बघणाऱ्याला ठिपकाच दिसतो, हे ध्यानात ठेवा."

त्या वर्षांत भुई अधूनमधून गुरगुरायची. आम्ही अगदी लहान असताना कोयनेला मोठा भूकंप झाला होता आणि त्यानंतर धक्के कायमचे थांबले असे नव्हतेच. आधी कुत्री गप्प व्हायची. मग फळीवरची भांडी बारीक किणकिणायची, छपरातून माती गळायची, आणि सगळं परत जाग्यावर. मोठी माणसं मावळतीकडं बघायची. तिकडं धरण होतं. धरणाचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि मग आमच्या काठानं खाली जातं. काही वर्षांमागं पुण्याचं धरण फुटलं होतं आणि तिथं घर गमावलेला एक न्हावी आमच्या गावी सासऱ्याकडं येऊन राहिला होता. धक्का बसला की तो हातातला वस्तरा खाली ठेवायचा आणि गिऱ्हाईक अर्धं तसंच सोडून बाहेर जाऊन उभा राहायचा. कुणी त्याला हसायचं नाही.

माघ संपत आला असताना आबांनी आसाम शिकवला. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिकडं फार मोठा भूकंप झाला. डोंगरच्या डोंगर नदीत उतरले. रस्ते गेले, तारा गेल्या. डोंगरातल्या गावांना तांदूळ आणि मीठ टाकायला आबांचं डाकोटा जायचं. त्यांनी राखेची नदी काढली आणि वरच्या अंगाला तिच्यात एक मोठं ढेकूळ ठेवलं.

"डोंगर नदीत पडला. नदी थांबली. हिकडं वर तळं झालं, रोज मोठं व्हाय लागलं. आणि हिकडं खाली?"

"पानी आटलं," मी म्हणाले.

"आटलं. खाली एक गाव होतं. नदीत पाणी न्हाई, डबक्यात मासं तडफडतायत, तवा सगळं गाव टोपल्या घिऊन नदीत उतरलं. बाया, पोरं, म्हातारी. मी वरनं बघतोय. मला तळं बी दिसतंय आणि माणसं बी. त्यांना फकस्त मासं दिसतायत."

"मग सांगितलं न्हाई तुमी?"

"कसं सांगू? रेडिओवर आमच्या तळाला सांगितलं. तळावरनं माणूस निघाला, पर वाटच ऱ्हायली नव्हती. मी खाली आलो, लय खाली. पंख हलवले. हातानं खूण केली. ती माणसं हसली. पोरांनी नाचून हात हलवले. त्यांना वाटलं, इमान खेळ करतंय."

आबांनी वाकून ते ढेकूळ उचललं. "काही दिवसांनी परत गेलो, तर गाव हुतं तिथं तांबडं पाणी आणि सुपारीच्या झाडांचं शेंडं."

"मग तुमी काय केलं?"

"पुढच्या गावाला तांदूळ टाकला."

त्यानंतर त्यांनी आम्हाला आपली नदी काढायला लावली. आम्ही राखेनं कृष्णा काढली, चावडी, देऊळ, शाळा, माळाकडं जाणारी पांद असं सगळं खड्यांनी मांडलं. शेवटी मी एक खडा नदीच्या रेघेला चिकटून ठेवला, आमची वस्ती. सरपंचांचा पुतण्या आमच्याच वर्गात होता. तो खड्यांकडं बघत सहज म्हणाला, "पानी आलं तर पैलं वस्तीत शिरंल." त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि मला एकदम घरी जावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तुझं आबा पोरास्नी भ्या घालत्यात उगंच." पण दुसऱ्या दिवशी वाळूतल्या वेलांना पाणी घालताना ती मधेच थांबून नदीच्या वळणाकडं बघत होती.

फाल्गुनातली गोष्ट. परीक्षा जवळ आली होती. सकाळी शाळेत गणित चाललं असताना भुई हलली. नेहमीसारखी नाही. फळा भिंतीवर आपटला, वर कौलं सरकली आणि त्यांच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या वर्गात पडल्या. गुरुजींनी आम्हाला पटांगणात आणून बसवलं. धक्का थांबला, पण पाखरं झाडावर परतेनात. गुरुजी आम्हाला पाढे म्हणायला लावत होते आणि स्वतः मावळतीकडं बघत होते.

दुपारच्या सुमाराला कराडकडून एक ट्रक आला. ड्रायव्हर थांबला नाही. एस.टी.च्या थांब्यावर गाडी हळू करून ओरडला, "धरण गेलं! कराडात पानी शिरलं!" आणि निघून गेला. ट्रकची धूळ खाली बसायच्या आत देवळाची घंटा वाजायला लागली.

मी त्याआधी कधी सगळं गाव पळताना बघितलं नव्हतं. माणसं ट्रंका, कोंबड्या, गाद्या, देव्हाऱ्यातले देव घेऊन पळत होती. एक माणूस नुसती चूल फुंकायची फुंकणी हातात धरून पळत होता. सगळ्यांना माळावर जायचं होतं आणि माळावर जायला वाट एकच, ती पांद. दोन्ही बाजूंनी उंच दरड, वर निवडुंग, आणि मधून एकच बैलगाडी जाईल एवढी वाट. आम्ही गुरुजींच्या मागं एकमेकांचे सदरे धरून तिथं पोचलो तेव्हा पांदीच्या तोंडाशी एक गाडी कलंडली होती. बैल जुवाखाली अडकून फुरफुरत होते आणि मागची माणसं पुढच्या माणसांवर चढत होती. कुणाचं तरी तान्हं मूल सलग रडत होतं आणि मधेच त्याचा आवाज बंद झाला.

तेवढ्यात आबा दिसले. ते कलंडलेल्या गाडीच्या चाकावर चढून उभे होते. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. "बैल सोडा! गाडी हितंच ऱ्हाऊ दे! सामान टाका, समदं टाका! मागं सरा, चार पावलं मागं सरा!" ते विनवत नव्हते. हुकूम देत होते. आधी जवळची माणसं थांबली, मग त्यांच्या मागची. पुण्याहून आलेल्या त्या न्हाव्यानं वस्तऱ्यानं जुवाच्या दोऱ्या कापल्या. बैल निघाले. आबांनी बायका-पोरांना पुढं काढलं. दरडीला दाबली गेलेली एक बाई खाली बसली होती. तिच्या हातातून मूल वर घेतलं तेव्हा ते निळसर झालं होतं. गुरुजींनी ते उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या आणि ते परत रडलं.

माळावर पोचल्यावर माणसं आपापली माणसं शोधायला लागली. मी पण शोधायला लागले. सगळीकडं फिरले. आई नव्हती, माझा धाकटा भाऊ नव्हता, शेजारची काकू नव्हती. आमच्या वस्तीतलं शाळेतल्या पोरांशिवाय कुणीच नव्हतं. मी एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "येतील की गं," आणि आपलं गाठोडं सोडायला लागली.

आबा सगळ्यांच्या शेवटी वर आले. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "आबा, आमची माणसं न्हाईत हितं."

त्यांनी माळावरून एकदा नजर फिरवली. मग ते सरपंचांकडं गेले. "खालच्या वस्तीवर कोण गेलंवतं सांगाय?"

सरपंच म्हणाले, "घंटा वाजिवली की, साहेब. आइकली आसंल त्यांनी."

"देवळाच्या घंटेला आपुन त्यांना कवा बोलावलंय, म्हणून आज येतील?"

आजूबाजूची माणसं नदीकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आता कोन जानार खाली? पानी कुठवर आलं आसंल कुनास ठावं."

आबांनी काठी घेतली आणि ते पांदीनं परत खाली उतरायला लागले. मी त्यांच्या मागं पळाले, पण गुरुजींनी माझा दंड धरला. मी हिसडे दिले, त्यांच्या हाताला चावले, तरी त्यांनी सोडलं नाही. मला ओढत ते माळाच्या कडेला घेऊन गेले. तिथून सगळं दिसत होतं.

रिकामं गाव. दारं उघडी. चावडीपुढं एक कुत्रं बसलेलं. मधून जाणारा पांढरा सदरा, म्हणजे आबा. आणि पार खाली, नदीच्या वाळूत, वाकलेली माणसं. माझ्या आईचं हिरवं लुगडं मी लगेच ओळखलं. ती वेलांना पाणी घालत होती. तिच्या पलीकडं पाच-सहा जण डबक्यात जाळं टाकून उभे होते, गुडघाभर पाण्यात.

आबा दरडीवर पोचले. त्यांनी डोक्याचा पटका सोडून हवेत हलवला. खालच्या माणसांनी मान वर केली. आईनं कपाळावर आडवा हात धरून बघितलं. आणि मग जाळ्याजवळच्या एकानं हात वर करून हलवला. पोरांनीही हलवले.

माझ्या शेजारी गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

आबा पटका हलवत उभे राहिले नाहीत. ते दरडीवरून घसरत, बसत, परत उठत वाळूत उतरले आणि सरळ त्या माणसांमध्ये गेले. काय बोलले ते कळायला मार्ग नव्हता. एवढंच दिसलं, की जाळं पाण्यात तसंच पडलं आणि माणसं निघाली. आईनं भावाला उचललं. आबांनी आणखी कुणाचं तरी पोर खांद्यावर घेतलं. एका म्हातारीला दोघांनी हाताच्या पाळण्यात बसवलं. ती सगळी, वस्तीत उरलेल्यांना बरोबर घेत, रिकाम्या गावातून पांदीकडं येत होती आणि मी त्यांच्याकडं बघत नव्हते. मी नदीच्या वरच्या वळणाकडं बघत होते. माळावरचं सगळं गाव तिकडंच बघत होतं.

ती माणसं वर आली. आईच्या पायाला वाळू चिकटली होती. तिनं मला जवळ घेतलं नाही, नुसती खाली बसली आणि धापा टाकत राहिली. आमची माणसं माळाच्या खालच्या उताराला बसली, गाव वरच्या अंगाला. त्या दिवशीसुद्धा. आबा चढून येता येता आमच्यातच बसले, कारण त्यांच्यात आणखी वर जायचं त्राण नव्हतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आम्ही वाट बघत राहिलो. ऊन कललं. नदी होती तशीच होती.

उतरत्या दुपारी शेजारच्या गावाहून पोस्टमन सायकल ढकलत वर आला. म्हणाला, धरणाला काही झालेलं नाही. एका जुन्या इमारतीची भिंत पडली, त्यावरून कुणीतरी आवई उठवली. आधी कुणी विश्वास ठेवला नाही. मग हसायला सुरुवात झाली. फुंकणी घेऊन पळालेल्या माणसाला सगळे हसले, तोही हसला. हसत हसत गाव खाली उतरलं. आबा हसले नाहीत. नदी दिसेनाशी होईपर्यंत ते तिथंच बसून होते.

पुढच्या शनिवारी खळ्यावर मी आणि आणखी दोन मुलं एवढेच होतो. साहेब पोरांच्या डोक्यात भ्या भरतात, असं गावात बोललं जात होतं. सरपंचांचा पुतण्या मला शाळेत म्हणाला, "आमच्या चुलत्यानं जायाचं न्हाई म्हणून सांगितलंय." आबांनी मुलं किती आली हे बघितल्यासारखं केलं नाही. त्यांनी राख घेतली आणि आसामची पुढची गोष्ट सांगितली, वाचलेल्या माणसांना नवी गावं कुठं वसवून दिली त्याची.

वडील सुट्टीला आले तेव्हा आईनं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठून मळ्यात गेले. मी मागून गेले. आबा उसाला पाणी देत होते.

वडील म्हणाले, "साहेब, तुमचं उपकार हायत. पर एक इचारू का?"

"इचार."

"पानी आलं न्हाई हे आमचं नशीब. आमास्नी कुनी सांगितलं न्हाई, ही गावाची रीत. दर येळी तुमी खाली येनार का?"

आबांनी फावडं टेकवलं. मग म्हणाले, "न्हाई. त्या दिवशीच छातीत कळ आली. परत जमायचं न्हाई."

"मग आमीच वर येतो," वडील म्हणाले. "माळाखालचं गायरान पडीक हाय."

"गाव भांडंल."

"भांडू दे."

"मी येऊन बसतो," आबा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं गायरानात झोपड्या उभ्या केल्या. परवानगी मागितली नाही, कारण ती मिळणार नव्हती. गावानं कामं बंद केली. उसाच्या फडात आमच्या माणसांना घेईनात, किराणा दुकानदार बघून न बघितल्यासारखं करायला लागला. दोनदा कुणीतरी झोपड्यांचे कूड मोडले. वडिलांनी काही तरुणांना आपल्याबरोबर कुपवाडला नेलं आणि कामाला लावलं. आबा रोज सकाळी यायचे, एका दगडावर बसायचे आणि गावाकडून येणाऱ्या वाटेकडं तोंड करून वर्तमानपत्र वाचायचे. त्यांच्या भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पावसाळ्याआधी त्यांचा मुलगा आला आणि त्यांना औषधपाण्यासाठी सांगलीला घेऊन गेला. ते परत आले नाहीत. मी हायस्कूलला सांगलीत गेले तेव्हा एकदा त्यांना भेटले. आता त्यांना उजव्या कानानंही कमी ऐकू येत होतं. धक्के बसतात का, एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

बसत होते. झोपड्या उठवायला कुणी आलं नाही आणि हळूहळू त्यांची घरं झाली, पण भुई थांबली नव्हती. गायरानातल्या पहिल्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो असताना ताटं किणकिणली. वडिलांचा घास हातातच राहिला. कुत्री गप्प झाली होती. आपण आता वर आहोत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी कुणी हललं नाही. किणकिण थांबल्यावर आई उठली. तिनं भावाचे कपडे, थोडं पीठ आणि काडेपेटी एका फडक्यात बांधली आणि ते गाठोडं दाराशी, चटकन हाताला येईल असं ठेवलं. मी कॉलेजात जाईपर्यंत ते तिथंच होतं. पीठ तेवढं ती अधूनमधून बदलायची.